रघ्याचा पुठ्ठा

मला राग लवकर येतो, हे आमच्या आगर गावात कोणालाही विचारा. माझी आई चंद्रावती डहाणूच्या बाजारात मासळी विकते. पापलेट उलटंपालटं करून, नाकाला लावून, शेवटी न घेता निघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती काय काय ऐकवते ते ऐकतच मी लहानाची मोठी झाले. पण आम्हा मायलेकींचा राग तासाभरात उतरतो. हा उतरलेला नाही. दोन महिने झाले, अजून सकाळी दात घासताना धर्मेशभाईंचा चेहरा आठवतो आणि ब्रश जोरात चालायला लागतो.

मी मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन करते. कोड दुसरे लिहितात. कुठलं बटण कुठे असावं, काय दाबल्यावर काय उघडावं, माणूस नेमका कुठे अडखळेल, हे बघणं माझं काम. घोलवडच्या चिकूवाडीचे मालक धर्मेशभाई लहानपणापासून क्रिकेटची कार्डं जमवतात. बबलगमच्या पाकिटातून निघायची ती. तीन हजारांवर कार्डं आहेत त्यांच्याकडे, एकेक प्लॅस्टिकच्या पाकिटात, एसीच्या खोलीत. बाहेर चिकू भरणाऱ्या बायका पत्र्याखाली घामाघूम, आणि आत तीस वर्षांपूर्वीचे खेळाडू गारेगार. त्यांना असल्या हौशी लोकांसाठी अ‍ॅप काढायचं होतं. कार्डाचा फोटो काढा, अ‍ॅप कार्ड ओळखेल, त्याची अवस्था तपासून दहापैकी गुण देईल, मग आवडीच्या कार्डाशी अदलाबदल करा. नाव ठेवलं ‘डाव’. डहाणू रोड स्टेशनसमोर एका मोबाइलच्या दुकानावर खोली घेतली. कोड लिहिणारे सुरतेत आणि मी इथे.

गुण कसे द्यायचे ते मी ठरवलं होतं. कोपरे शाबूत, कडा सरळ, चेहरा स्वच्छ. कडा सरळ नसल्या की गुण कापायचे. हा नियम मी लिहिला, माझ्या हाताने लिहिला, हे आधीच सांगून टाकते. पुढे सगळा राग धर्मेशभाईंवर काढणार आहे, तेव्हा हिशेब अर्धवट राहायला नको.

लक्ष्यादादा धर्मेशभाईंच्या शेडमध्ये चिकूची खोकी बांधायचे. पन्नाशीचे, बुटके, कमी बोलणारे. एकदा खोक्यांवर छापायच्या चित्रासाठी मी शेडमध्ये गेले होते. ते फाटक्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर निळ्या बॉलपेनने काहीतरी काढत बसलेले दिसले. बघितलं तर बॅट उचललेला माणूस. मागे नाव, पाड्याचं नाव, साल.

“हे काय, दादा?”

“पुठ्ठा,” ते म्हणाले. “आमच्या टीमचा.”

तलासरीच्या पुढे, उधव्याच्याही आत त्यांचा पाडा आहे. भात कापून झालं की तिथल्या शेतांत टेनिस बॉलच्या मॅची सुरू होतात त्या पाऊस येईपर्यंत. पाड्याकडून खेळणाऱ्या प्रत्येकाचा एक पुठ्ठा लक्ष्यादादा करतात. पंचवीस वर्षं करताहेत. रविवारी मला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एकतीस पुठ्ठे काढून खाटेवर मांडले. प्रत्येकाची कड दातेरी. मला वाटलं, उंदरांनी कुरतडली.

“नाय, नाय,” लक्ष्यादादा पहिल्यांदाच मोठ्याने हसले. “ह्या खाचा हायेत. दांडी उडाली का खाच.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बॉलरने दांडी उडवली की आऊट झालेला बॅट्समन तसाच तंबूत जात नाही. अंपायरच्या कमरेला, मागे लाकडी आकडीत, कोयता असतो. तो कोयता बॅट्समनच्या हातात देतात आणि तो स्वतःच्या हाताने बॉलरच्या पुठ्ठ्याला एक खाच पाडतो. कॅच धरला गेला तर खाच नाही, कारण त्यात दुसऱ्याचा हात आला. फक्त दांडी. आणि बॉलरने स्वतः खाच पाडायची नाही, मित्राने पाडायची नाही. जो हरला त्यानेच.

“म्हनून खोटी खाच पडत नाय,” ते म्हणाले.

मी कितीतरी अ‍ॅपं बघितली आहेत, खरंखोटं ठरवायला लोक काय काय करतात तेही बघितलं आहे. याच्या जवळपास जाणारं काही मी पाहिलेलं नाही.

सगळ्यांत जास्त खाचा रघ्याच्या पुठ्ठ्याला होत्या. त्रेचाळीस. रघ्या पाड्याचा फास्ट बॉलर. नऊ वर्षांपूर्वी हायवे ओलांडताना टेम्पोने उडवला, जागीच गेला. त्याचा पुठ्ठा डब्यात नव्हता, त्याच्या आईकडे होता, बुधीआयकडे. बुधीआयच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. रघ्याचा फोटो आहे तो आधार कार्डावरचा, त्यात तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो, आणि तसाही तिला दिसत नाही. ती पुठ्ठा घेऊन बसते आणि कडेवरून बोट फिरवते.

“हा झरीचा बाबल्या,” ती मला दाखवू लागली. “हा त्याचा भाऊस. हा गिरगावचा, त्याचे लगनात मी नाचलू. हा रडला होता.”

त्रेचाळीस माणसं तिला बोटावर पाठ होती. खालच्या उजव्या बाजूला एक खाच बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी होती. तिचा अंगठा त्यात बरोबर बसायचा. पुठ्ठा धरायचा तर ती तिथेच धरायची. मी तसाच फोटो काढला.

अ‍ॅपमध्ये या पुठ्ठ्यांचा एक वेगळा विभाग करायचा, हे माझं डोकं. खाचेवर बोट ठेवलं की आऊट झालेल्याचं नाव दिसेल, असं काहीतरी मनात होतं. त्यासाठी पुठ्ठे नीट स्कॅन करायला हवे होते. लक्ष्यादादांनी डबा दिला. बुधीआयने पुठ्ठा हातातून सोडला नाही.

“किती दिस?”

“आठ दिवस.”

“तूच आनशील? दुसऱ्याचे हातान नको धाडू.”

“मीच आणीन, आय. जसा नेते तसा.”

तिने पुठ्ठा दिला. मी शब्द दिला. आता ऐका त्याचं काय झालं.

दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून मी तो फोटो आमच्याच अ‍ॅपला दाखवला. माझ्या नियमाने रघ्याला दहापैकी एक गुण मिळाला. मला हसू आलं. आणि मी, मूर्ख, ते हसऱ्या इमोजीसकट धर्मेशभाईंना पाठवलं.

ते संध्याकाळी आले. मी पुठ्ठे टेबलावर मांडले होते. एकतीस आणि एक, बत्तीस. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि नेमका रघ्याचा उचलला.

“याची अ‍ॅक्शन डाउटफुल होती,” ते म्हणाले.

मला वाटलं, चित्रावरून बोलताहेत. मग ते म्हणाले, “बेन, हे सगळं बॉलपेनने कशाला? लक्ष्याला सांग ना, वारली स्टाइलमध्ये काढ. त्रिकोणी त्रिकोणी. बाहेरचे लोक वेडे होतील.”

हे मी लक्ष्यादादांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ही काय लगनाची भिंत हाय? रघ्याचा पाय वाकडा पडायचा तो तिरकोनात कसा दाखवू?”

दोन दिवस मी फ्रेमशी झगडत होते. माझी फ्रेम काटकोनी, बबलगमच्या कार्डाच्या मापाची. पुठ्ठे काही लांबोडके, काही आखूड, कडा वेड्यावाकड्या. वैतागून मी धर्मेशभाईंना मेसेज टाकला: ‘कडा फ्रेममध्ये बसत नाहीत. सगळे एका मापात करून मिळतील का?’ मला म्हणायचं होतं, स्कॅन झाल्यावर सुरतवाल्यांना फायली एका मापात करायला सांगा. त्यांनी उत्तर दिलं, ‘डन.’ सकाळी येऊन म्हणाले, माझ्या ओळखीच्या दुकानात मोठा स्कॅनर आहे, दे पुठ्ठे. मी दिले. बुधीआयने सांगितलं होतं, दुसऱ्याच्या हाताने नको. मी काढून दिले, वर थँक यू म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी जाडजूड पाकीट टेबलावर ठेवलं. ते खूश होते.

“बघ, सगळे एका मापात. आता शंभर वर्षं काही होत नाही.”

पुठ्ठे लॅमिनेट केले होते. आपल्याकडे कुठलीही मोलाची वस्तू हाती आली की माणूस आधी लॅमिनेशनवाला गाठतो. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, बारावीची मार्कशीट, सगळं प्लॅस्टिकमध्ये. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्याआधी कटरवर घालून चारही कडा कापल्या होत्या. सरळ. बत्तीसच्या बत्तीस. स्कॅन कापल्यानंतर काढले होते.

मी रघ्याचा शोधून काढला. निळ्या बॉलपेनचा रघ्या धावत येत होता, उजवा पाय किंचित बाहेर. त्याच्या चारही बाजूंना आता होती ती चकचकीत, गुळगुळीत, सरळ कड.

“कापलेले तुकडे कुठे आहेत?”

“कसले तुकडे? कचरा होता तो. उंदरांनी कुरतडलेला भाग.”

“त्या खाचा होत्या!” मी इतक्या जोरात ओरडले की खाली दुकानातला माणूस जिना चढून वर आला. “एकेक खाच एकेका माणसाने पाडलेली! मी सांगितलं नव्हतं तुम्हाला?”

“नव्हतं सांगितलं. तू लिहिलंस, एका मापात करा. मेसेज दाखवू?”

त्यांनी खरंच दाखवला. माझाच मेसेज, माझ्याच नाकासमोर धरला. आणि खरं सांगते, खाचांचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. सगळं तयार झाल्यावर दाखवून चकित करणार होते.

“मला काय स्वप्न पडणार?” ते म्हणाले. “चांगलं केलं तरी बोंबाबोंब. लक्ष्याला विचार, तो पाया पडेल माझ्या.”

पाकिटावर नाव होतं त्या लॅमिनेशनच्या दुकानात मी पळाले. तुकडे दुपारच्याच कचऱ्यात गेले होते. वर येऊन मी शेवटचं काम केलं. तो लॅमिनेट केलेला रघ्या अ‍ॅपसमोर धरला. दहापैकी साडेनऊ. मी खोलीची किल्ली टेबलावर आपटली आणि निघाले. धर्मेशभाई मागून म्हणत होते, “अरे बेन, शांतीने बोल ना.” शांतीने! माझ्या तोंडात तेव्हा जे शब्द होते ते आईनेसुद्धा बाजारात वापरलेले नाहीत.

आईला रात्री सांगितलं. तिने कोळंबी सोलता सोलता ऐकून घेतलं. “त्याला शिव्या दे,” ती म्हणाली, “पण पाड्यावर तू जा. शब्द त्याचा नव्हता, तुझा होता.”

गेले. बुधीआय अंगणात बसली होती, लक्ष्यादादा शेजारी. मी काही बोलायच्या आत तिने हात पुढे केला. मी पुठ्ठा ठेवला. तिचा अंगठा सवयीने खाली उजवीकडे गेला, घसरला. तिने पुठ्ठा फिरवला. पुन्हा घसरला. मग तिने चारही बाजूंनी सावकाश बोट फिरवलं, आणि पुन्हा एकदा.

“हा माझे पोऱ्याचा नाय,” ती म्हणाली. “बदलला तुमी.”

“तोच आहे, आय.” सगळं सांगेपर्यंत मी रडत होते, आणि रडताना माझा मलाच इतका राग येत होता की वाटलं, कोणीतरी दोन कानाखाली द्याव्यात. कोणी दिल्या नाहीत. लक्ष्यादादांनी बाकीचे एकतीस हातात घेतले, एकेक बघितला आणि डब्यात न ठेवता जमिनीवर ठेवला.

“पंचवीस वरसा,” ते म्हणाले. एवढंच.

माझ्याकडे एक फोटो होता. त्यात खाचा मोजता येत होत्या, फक्त जिथे बुधीआयचा अंगठा होता ती सोडून. मी म्हटलं, या फोटोवरून मी तशाच खाचा पाडून देते, अगदी मापात. बुधीआय एकदम उसळली.

“तू आऊट झालीस का?”

मी फोन पर्समध्ये टाकला.

“ज्यांनी कापल्या, तेच येतील,” ती म्हणाली. “लक्ष्या, नवा पुठ्ठा काढ.”

सहा रविवार लागले. लक्ष्यादादांनी नवा रघ्या काढला. मी माझी स्कूटी घेऊन पाड्यापाड्यांत, घरोघर फिरले. बुधीआय नावं सांगायची, मी शोधायचे. झरीचा बाबल्या आला आणि त्याचा भाऊ. गिरगावचा आला, त्याचं पोट आता इतकं सुटलं होतं की वाकून कोयता धरता येईना. एक जण वापीच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट आला, पेंगत. चौघे वारले होते, त्यांच्या जागी त्यांच्या भावांनी, मुलींनी खाच पाडली, तेवढं चालेल असं बुधीआयने ठरवलं. कोणी ‘मी आऊट नव्हतो’ म्हणालं नाही. उलट प्रत्येक जण तो बॉल सांगत बसायचा, कसा आत आला, कसा खाली राहिला. ‘रघ्या काय टाकायचा!’ म्हणायचा आणि कोयता दाबायचा. बुधीआय लगेच बोट लावून बघायची.

सहाव्या रविवारी बेचाळीस झाल्या.

“आता एक,” ती म्हणाली. “मोठी.”

“कोणाची, आय?”

लक्ष्यादादांनी मान खाली घातली. “तुझे शेटची,” बुधीआय म्हणाली.

सतरा वर्षांपूर्वीची फायनल, घोलवडच्या मैदानावर. घोलवडकडून बावीस वर्षांचे धर्मेशभाई. पहिलाच बॉल. मधली दांडी दोन हात मागे जाऊन पडली होती म्हणे. अंपायर लक्ष्यादादा होते. मला एकदम आठवलं, बत्तीस पुठ्ठ्यांतून त्यांनी नेमका रघ्याचा उचलला होता. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

“दादा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“त्यांचेकडं काम करतू मी,” लक्ष्यादादा म्हणाले.

मंगळवारी मी बुधीआयला भाड्याच्या इको गाडीतून घोलवडला आणलं. शेडमध्ये पंधरावीस बायका चिकू निवडत होत्या, लहान एका टोपलीत, मोठे दुसरीत. लक्ष्यादादा खोक्यांना पट्टी मारत होते. आम्हाला बघून त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. धर्मेशभाई ऑफिसमधून बाहेर आले, चेहऱ्यावर हसू.

“या या, माँजी. काय निलम, राग गेला का?”

बुधीआय एका पालथ्या क्रेटवर बसली. तिने पुठ्ठा पुढे केला, खालची उजवी कड त्यांच्याकडे करून. लक्ष्यादादांनी कमरेच्या आकडीतून कोयता काढला आणि मूठ त्यांच्याकडे करून धरला.

“हे काय?”

“तुम्ही म्हणालात, उंदरांनी कुरतडलं,” मी म्हटलं. “त्यातला एक उंदीर तुम्ही. कापा.”

त्यांचं हसू गेलं. पुठ्ठ्याकडे बघितलं, कोयत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही अडवता आलं नसावं.

“तो नो-बॉल होता.”

शेडमध्ये टोपल्यांत चिकू पडायचा आवाज थांबला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!” मी ओरडले. “खाच काय असते, कोणाची असते, सगळं माहीत होतं! माहीत असून कटरखाली घातलंत!”

“नो-बॉल होता!” तेही ओरडले. “पाय हातभर बाहेर होता त्याचा! सगळ्या मैदानाने बघितलं! आणि हा अंपायर, यांच्याच पाड्याचा!”

“शेट,” लक्ष्यादादा म्हणाले. कोयता तसाच पुढे होता. “नो-बॉल नव्हता. पाय वाकडा पडायचा, पन आत पडायचा. मी लायनीवरच उभा होतू. आनी तवा मी हाच कोयता तुमचे हातात दिला. तुमीच कापली. रागात कापली, म्हनून मोठी पडली.”

“तू उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

“बरा,” लक्ष्यादादा म्हणाले.

बुधीआयने मान वर केली, आवाज येत होता त्या बाजूला.

“सतरा वरसा झाली,” ती म्हणाली. “अजून दुखतं का रं तुना?”

लक्ष्यादादांनी कोयता आणखी थोडा वेळ धरून ठेवला. मला वाटलं होतं, मी धर्मेशभाईंचा हात पकडून त्यांना कापायला लावीन. तेवढं बळ माझ्या रागात नक्की होतं. पण बुधीआयने पुठ्ठा मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि त्या सरळ राहिलेल्या जागेवर अंगठा टेकवला.

“नको कापू,” ती म्हणाली. “हितं सपाट लागला का मना कलंल, कोनाची हाय.”

ती उठली. लक्ष्यादादांनी कोयता आकडीत अडकवला, अर्धं बांधलेलं खोकं तसंच सोडलं आणि आमच्याबरोबर निघाले. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा धर्मेशभाई चिकू निवडणाऱ्या बायकांकडे वळून सांगत होते, “खरंच नो-बॉल होता. आईशपथ.”

“हो शेट,” त्यांतली एक म्हणाली, “होता, होता.” आणि सगळी शेड खो-खो हसली.

बुधीआय हसली नाही. मी तिला हात देऊन इकोत चढवलं. तलासरी येईपर्यंत तिने त्या कडेवरचा अंगठा उचलला नाही.